ओठ फुटायचे थांबत नसतील तर आधी लावणं कमी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओठ फक्त थंडीत नाही, वर्षभर फुटतात. लिप बाम पर्समध्ये, उशाशी, कामाच्या टेबलावर ठेवलेला असतो आणि तासातासाला लावला जातो. मध-साखरेने घासून झालं, लिंबू लावून झालं, भरपूर पाणी पिऊन झालं. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा सालपटं. त्यातच आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडाभोवती लाल, खरखरीत गोल उमटलाय. घरच्या घरी काय करता येईल?

त्वचारोगाच्या दवाखान्यात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की उत्तराची सुरुवात आता ठरून गेली आहे: सध्या नवीन काही आणू नका. आहे त्यातलं काय काय बंद करायचं ते आधी ठरवू. महिनोन्‌महिने न बरे होणाऱ्या ओठांना बहुतेक वेळा औषधाची कमतरता नसते. त्यांना रोज कशाचा तरी त्रास होत असतो, आणि तो त्रास बऱ्याचदा आपणच काळजीपोटी देत असतो.

ओठाचा लालसर भाग ही ना धड बाहेरची त्वचा, ना धड तोंडातलं अस्तर. गालावरच्या त्वचेला तैलग्रंथी असतात आणि त्यांचा स्निग्ध थर पाणी धरून ठेवायला मदत करतो. ओठांवर या ग्रंथी जवळजवळ नसतात. (काहींच्या ओठांवर बारीक पिवळसर-पांढरे ठिपके दिसतात. त्या चुकून तिथे आलेल्या तैलग्रंथीच असतात आणि निरुपद्रवी असतात. त्या पिळायला जाऊ नका.) ओठांवर घामाच्या ग्रंथी नाहीत, केसांची मुळं नाहीत आणि सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर फारच पातळ. त्यामुळे ओठांतून पाणी उडून जाण्याचा वेग गालापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही तिथे कमी, म्हणजे उन्हापासूनचं संरक्षणही कमी. वर बोलणं, खाणं, हसणं, जांभई, दिवसभर ताण आहेच.

याची दुसरी बाजू मात्र दिलासा देणारी आहे. ओठ भराभर बरे होतात. साध्या कोरडेपणाने फुटलेला ओठ नीट सांभाळला तर काही दिवसांत भरू लागतो आणि दोन ते तीन आठवड्यांत पूर्ववत व्हायला हवा. तसं होत नसेल तर कोरडेपणाखेरीज आणखी काहीतरी चालू आहे असं समजायचं.

जीभ आणि नखं

पहिला संशयित जीभ. ओठ कोरडा वाटला की जीभ आपोआप फिरते. क्षणभर बरं वाटतं, मग लाळ उडून जाते आणि जाताना ओठातलाही ओलावा घेऊन जाते. शिवाय लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. अन्न पचवण्यासाठीची विकरं (एन्झाइम) तिच्यात असतात, आणि आधीच फाटलेल्या पातळ थरावर ती पुन्हा पुन्हा लागली की जळजळ वाढते. जळजळ झाली की पुन्हा जीभ. विचारलं तर जवळजवळ सगळे म्हणतात, ‘मी ओठ चाटत नाही.’ घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी एक संध्याकाळ लक्ष ठेवायला सांगा, मग कळेल.

तुमच्या मुलाच्या तोंडाभोवतीचा गोल बहुधा याचाच आहे. ओळखायची खूण सोपी: जीभ जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत लाली, आणि तिची कड अगदी आखल्यासारखी. ओठ आणि ओठालगतची त्वचा दोन्ही खरखरीत असतात. याच जागी दिसणारा एक वेगळा त्रास असतो, त्यात बारीक बारीक लाल पुटकुळ्या येतात आणि ओठाला लागून एक अरुंद पट्टी मात्र स्वच्छ राहते. तो त्रास बऱ्याचदा चेहऱ्यावर स्टिरॉइडचं मलम लावल्याने होतो, त्यामुळे घरात पडून असलेली ‘खाजेची ट्यूब’ मुलाच्या तोंडाभोवती लावू नका.

मुलाला ‘चाटू नकोस’ म्हणून टोकण्याचा फारसा उपयोग होत नाही. टोकलं की त्याचं लक्ष ओठांकडेच जातं. त्यापेक्षा शाळेत जाण्याआधी, घरी आल्यावर आणि झोपताना ओठांवर आणि पूर्ण लाल गोलावर बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा चांगला जाड थर द्या. लाळ त्वचेपर्यंत पोचली नाही आणि कोरडेपणाची टोचणी कमी झाली की चाटणं आपसूक कमी होतं. चवीचा, फळाच्या वासाचा बाम मुलाला अजिबात देऊ नका, कारण तो चाटायला निमंत्रणच असतो. आणि नाक बघा. सर्दी-अ‍ॅलर्जीने नाक सतत चोंदलेलं असेल तर मूल तोंडाने श्वास घेतं आणि ओठ रात्रभर वाळतात. मग ओठांचा खरा उपाय नाकात असतो.

दुसरा संशयित नखं आणि दात. सालपट एका बाजूने सुटलेलं असलं तरी दुसऱ्या बाजूने जिवंत त्वचेला धरलेलं असतं. ओढलं की त्या त्वचेसकट निघतं, रक्त येतं, खपली धरते, खपली टोचते म्हणून आपण तीही काढतो. लोंबणारं टोक फारच त्रास देत असेल तर जेली लावून मऊ होऊ द्या आणि स्वच्छ, लहान कात्रीने तेवढंच टोक कापा. आंघोळीनंतर ओलसर मऊ कापडाने हलकेच टिपताना जे आपणहून सुटेल ते सुटू द्या. त्यापलीकडे घासणं नको. मध-साखरेचा स्क्रब गुळगुळीत ओठांना कदाचित चालेल, फुटलेल्या ओठांवर साखरेचे कण म्हणजे नव्या चिरा. टूथब्रशने ओठ घासण्याचा सल्लाही फार फिरतो. तोही सोडून द्या.

तुमचा लिप बाम

आता तुमच्या त्या तीन ठिकाणच्या बामांकडे. ते सगळे एकत्र आणा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मेंथॉल, कापूर, निलगिरी, फिनॉल, सॅलिसिलिक आम्ल, दालचिनी, पुदिना, लिंबूवर्गीय तेल, ‘फ्रेग्रन्स’, ‘फ्लेवर’ यांपैकी काही दिसलं तर तो बाम फुटलेल्या ओठांसाठी नाही. मेंथॉल-कापराने थंड, झिणझिण्या आल्यासारखं वाटतं आणि लोकांना वाटतं औषध काम करतंय. प्रत्यक्षात ती चेतातंतूंना मिळालेली चेतवणी असते, त्याने जखम भरत नाही. फुटलेल्या ओठांवर लावलेलं काहीही झोंबलं किंवा चुणचुणलं, तर ती लागू पडल्याची खूण नव्हे. पुसून टाका.

दर तासाला बाम लागतो म्हणून ‘मला बामचं व्यसन लागलंय का’ असंही विचारलं जातं. शरीराला बामचं व्यसन लागत नाही. होतं असं की बाममधला एखादा घटक ओठांना डिवचत राहतो, ओठ कोरडे पडतात, आपण आणखी बाम लावतो. तो घटक थांबला की गरज आपोआप उतरते.

‘नैसर्गिक’ या शब्दावर मी फारसा विसंबत नाही. मधमाशांच्या पोळ्यातला प्रोपोलिस हा घटक बऱ्याच बामांत असतो आणि ओठांच्या अ‍ॅलर्जीचं ते एक ओळखीचं कारण आहे. सुगंधी वनस्पतितेलं तशीच. लॅनोलिन, म्हणजे लोकरीपासून मिळणारा स्निग्ध पदार्थ, बहुतेकांना उत्तम चालतो, पण काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. एरंडेल तेलाचंही तेच: अनेक लिपस्टिकमध्ये ते असतं, बहुतेकांना काही होत नाही, मात्र काही जणींचे ओठ नेमके त्यानेच फुटतात. व्हिटॅमिन ई-ची कॅप्सूल फोडून लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, त्याचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते. यातलं सगळं वाईट आहे असं नाही. पण महिनोन्‌महिने त्रास चालू असताना संशय कुणावर घ्यायचा हे कळायला हवं, आणि दहा गोष्टी लावत असाल तर ते कधीच कळणार नाही.

मग लावायचं काय? साधी, पांढरी, बिनवासाची पेट्रोलियम जेली. रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. तेलविहिरींवरचे कामगार यंत्रांवर साठणारा चिकट मेणचट गाळ कापल्या-भाजल्यावर लावतात हे त्याने पाहिलं होतं. दीडशे वर्षं झाली तरी त्वचेतून उडणारं पाणी अडवण्यात तिची बरोबरी करणारं फारसं काही सापडलेलं नाही. तिच्यात वास नाही, चव नाही आणि तिची अ‍ॅलर्जी अत्यंत विरळा. जेली नको असेल तर शिआ बटर, डायमेथिकोन किंवा सेरामाइड असलेला, वास-चव नसलेला मलमासारखा बाम चालेल. एकच अपवाद लक्षात ठेवा: घरी कुणाला नळीने ऑक्सिजन चालू असेल तर नाका-तोंडाशी पेट्रोलियम जेली किंवा कुठलंही तेलकट मलम लावू नका. ऑक्सिजनजवळ ते पेट घेऊ शकतं. तिथे पाण्यावर आधारित जेल वापरतात.

लावण्याची पद्धत बामच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाची. जेली स्वतः पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवते. म्हणून कोरड्या ठणठणीत ओठावर लावण्यापेक्षा ओठ साध्या पाण्याने ओले करा, टिपा, आणि किंचित ओलसर असतानाच लावा. झोपताना जाड थर, इतका की चमकताना दिसेल. दिवसा दात घासल्यावर, प्रत्येक जेवणानंतर आणि बाहेर पडण्याआधी. चाटावंसं वाटलं की चाटण्याऐवजी जेली. डबीत बोट घालत असाल तर हात धुऊन घाला, आणि डबी घरात प्रत्येकाची वेगळी ठेवा.

घरातल्या इतर गोष्टींबद्दल पटकन सांगतो. खोबरेल तेल किंवा तूप लावायला हरकत नाही, पण ते पातळ असतं आणि लवकर निघून जातं, त्यामुळे लावून वरून जेली लावलीत तर जास्त टिकतं. मध पाणी धरून ठेवतो हे खरं, पण तो गोड आहे आणि जीभ तिकडेच जाते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या ओठांना मध कधीच लावू नका, बोटुलिझम नावाच्या गंभीर विषबाधेचा धोका असतो. ग्लिसरीन चांगलं, फक्त त्यावर काहीतरी स्निग्ध आवरण हवं. लिंबू नको, कुठल्याही रूपात नको. त्यातलं आम्ल उघड्या चिरेत झोंबतं, आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे डाग आणि काळपटपणा येऊ शकतो. ओठ उजळावेत म्हणून लिंबू चोळणाऱ्यांचे ओठ याच वाटेने आणखी काळे पडतात.

टूथपेस्टकडे क्वचितच कुणाचं लक्ष जातं. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट, तीव्र पुदिना आणि दालचिनीची चव ही ओठांना आणि तोंडाच्या कडांना त्रास देणारी नेहमीची मंडळी. महिनाभर फेस न येणारी, सौम्य चवीची पेस्ट वापरून बघा. ब्रश करण्याआधी ओठांवर जेली लावा आणि नंतर तोंडाभोवतीचा फेस नीट धुवा. माउथवॉश आणि च्युइंग गमलाही हेच लागू. ओठ भरेपर्यंत लिपस्टिक बंद, आणि नंतरही दिवसभर टिकणारी मॅट लिपस्टिक कमी. फार आंबट, तिखट, खारट खाणं उघड्या चिरांना झोंबतं, तेवढे दिवस जपून.

पाण्याबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. शरीरात पाणी कमी पडलं की ओठ सुकतात हे खरं, त्यामुळे तहान मारू नका. पण पुरेसं पाणी पिणाऱ्याने आणखी चार ग्लास प्यायले म्हणून ते ओठांपर्यंत पोचत नाही. तुम्ही भरपूर पिताय आणि तरी ओठ फुटताहेत, म्हणजे कारण तिथे नाही.

ऊन, हवा, श्वास

वर्षभर फुटणाऱ्या ओठांत ऊन हे कारण बहुतेकांच्या डोक्यातही नसतं, कारण आपण ओठ फुटण्याचा संबंध थंडीशी जोडलेला असतो. खालचा ओठ वर तोंड करून असतो, त्यामुळे सगळं ऊन त्याच्यावर पडतं. बाहेर काम असेल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेला बाम दर दोन तासांनी लावा. त्यात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला निवडा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेटसारखे रासायनिक घटक काहींना मानवत नाहीत. रुंद कडेची टोपी यातलं निम्मं काम करते.

एसी किंवा हीटर रात्रभर चालू असेल तर हवा कोरडी होते. ह्युमिडिफायर, म्हणजे हवा दमट ठेवणारं यंत्र, असेल तर वापरा, मात्र तो नियमित धुवा, नाहीतर त्यात बुरशी वाढते. सकाळी उठल्यावर ओठ सगळ्यात वाईट असतात, घसा कोरडा असतो, घोरण्याची तक्रार आहे, असं असेल तर तुम्हीही तोंडाने श्वास घेताय. ते नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कितीही जेली लावली तरी रात्रभर वाहणाऱ्या हवेपुढे ती अपुरी पडते.

जेव्हा हे साधं ओठ फुटणं नसतं

वर सांगितलेलं सगळं नेमाने तीन आठवडे करा. फरक पडला नाही, तर खालच्यापैकी काही आहे का ते बघावं लागेल.

ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा, पांढुरकं, ओलसर, तोंड उघडताना दुखणं: हा कोपऱ्यातला संसर्ग असतो, बहुधा कॅन्डिडा बुरशीचा किंवा जिवाणूंचा. कोपऱ्यात लाळ साचून राहिली की तो होतो. त्यामुळे कवळी सैल असणारे, दात नसलेले, झोपेत लाळ गळणारे लोक त्याला लवकर बळी पडतात. पुन्हा पुन्हा होत असेल तर लोह, बी गटातली जीवनसत्त्वं आणि रक्तातली साखर तपासायला हवी. यावर नुसती जेली पुरत नाही, कारण बघून बुरशीविरोधी किंवा जिवाणूविरोधी मलम लागतं. कवळी असेल तर तीही रात्री काढून स्वच्छ करावी लागते. व्हिटॅमिनच्या गोळ्यांबद्दल इतकंच, की कमतरता सिद्ध झाली तरच त्यांचा फायदा. ‘अ’ जीवनसत्त्व तर जास्त झालं की उलट ओठ फुटतात.

ओठाच्या बरोबर मध्यावर एकच उभी चीर, दर हसण्याला उघडणारी, हा एक चिवट प्रकार. आठवडाभर जाड जेली, स्ट्रॉ आणि फार मोठा घास टाळणं याने बरेचदा भरते. नाही भरली तर डॉक्टर मलम देतात.

औषधं आठवा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे ओठ फुटतात. तो त्या औषधाचा अपेक्षित परिणाम आहे आणि औषध थांबलं की जातो. औषध स्वतःहून बंद करू नका, पहिल्या दिवसापासून जेली सुरू करा. अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. तोंडासोबत डोळेही सतत कोरडे, वाळू गेल्यासारखे वाटत असतील तर स्योग्रेन सिंड्रोमची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते त्या आजाराची, तपासणी करून घ्यावी.

आधी एकाच जागी मुंग्या किंवा चुरचुर, मग बारीक फोडांचा घोस, मग खपली: हा हर्पिसचा विषाणू. त्यावर स्टिरॉइड लावायचं नाही. विषाणूविरोधी औषध मुंग्या येतात तेव्हाच सुरू केलं तर चांगलं लागू पडतं. त्या दिवसांत बाम, टॉवेल, पेला कुणाशी वाटू नका, आणि लहान बाळाचा मुका अजिबात घेऊ नका.

खालच्या ओठावर एकाच जागी खरखरीत, पांढुरका किंवा खवल्यांचा डाग, ओठ आणि त्वचेमधली रेघ पुसट झालेली, भरतोय म्हणता म्हणता पुन्हा उघडणारा व्रण किंवा कडक गाठ: हे घरी करत बसण्याचं नाही. वर्षानुवर्षांच्या उन्हाने ओठात कर्करोगापूर्वीचे बदल होतात, आणि तंबाखू, सिगारेटने धोका वाढतो. तीन आठवड्यांत न भरणारा असा व्रण दाखवायलाच हवा. गरज वाटल्यास छोटा तुकडा काढून तपासतात.

दोन प्रसंगी मात्र वाट पाहायची नाही. नवीन औषध सुरू केल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत ताप, ओठांवर फोड-व्रण-रक्ताळ खपल्या, डोळे लाल, अंगावर दुखरे चट्टे, असं झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि लहान मुलाला पाच दिवस किंवा जास्त ताप, लालभडक फुटलेले ओठ, स्ट्रॉबेरीसारखी लाल जीभ, पू नसलेले लाल डोळे, सुजलेले हातपाय किंवा पुरळ असेल तर तो कावासाकी आजार असू शकतो. त्याचा परिणाम हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर होतो आणि उपचार वेळेत सुरू व्हावे लागतात. पाचही खुणा एकदम दिसतील म्हणून थांबू नका.

तुमच्या वर्णनावरून यातलं काही दिसत नाही. मला मुख्य संशय आहे तो बाममधल्या आणि टूथपेस्टमधल्या घटकांवर, आणि सालपटं काढण्याच्या सवयीवर. तीन आठवडे फक्त जेली आणि सौम्य पेस्ट. ओठ पूर्ण भरले की जुन्या वस्तू एकेक करून, प्रत्येकीला आठवडाभर देऊन परत आणा. ज्या वस्तूनंतर ओठ बिघडतील ती कायमची बाद. तरीही काही न कळल्यास पॅच टेस्ट करता येते: संशयित पदार्थ पाठीवर पट्ट्यांखाली दोन दिवस ठेवतात आणि नंतर एक-दोनदा त्वचा तपासतात. त्या भेटीला येताना ओठांशी संबंध येणारं सगळं सोबत आणा. बाम, लिपस्टिक, पेस्ट, माउथवॉश तर आणाच, शिवाय नेलपॉलिश, नखं तोंडात घालत असाल तर, आणि बासरी किंवा दुसरं तोंडाने वाजवायचं वाद्य असेल तर तेही.